एकवीस लिटर पाणी

बंद डब्यातलं पाणी कुठे जाईल? डब्याला भोक नाही, झाकण कुणी उघडलेलं नाही, आणि तरी पाणी रोज थोडं थोडं कमी होतंय. मैना सरगरला हे कोडं पडलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आणि तो डबा म्हणजे तिचं राहतं घर होतं.

नुसतं घर नव्हे, चांगली अडीच एकरांची वस्ती होती ती. माणदेशातल्या एका उजाड माळावर काचेची भलीमोठी टोपली पालथी घातल्यासारखी दिसायची. आत आठ माणसं, अकरा मेंढरं, बाजरीचं शेत आणि भाजीचे वाफे. मंगळावर माणसांनी राहायचं तर आधी पृथ्वीवर त्याची तालीम करायला हवी, म्हणून या मंडळींनी स्वतःला वर्षभर आत कोंडून घेतलं होतं. बाहेरची हवा आत यायची नाही, आतला थेंब बाहेर जायचा नाही. दार उघडायचं ते तीनशे पासष्टाव्या दिवशी. त्याआधी एकदा जरी उघडलं, तरी प्रयोग फसला असं धरायचं, असं सगळ्यांनी आधीच कबूल केलं होतं.

वस्तीची प्रमुख होती मैनाची आई, शीतल. ती मातीची शास्त्रज्ञ. दहा वर्षं तिने या एका वर्षासाठी घालवली होती. तिचं म्हणणं असं की नुसते धट्टेकट्टे गडी पाठवून कुठे गाव वसतं होय? गावाला म्हातारं माणूस लागतं, पोर लागतं, मेंढरांसारखं जित्राब लागतं. म्हणून तिने आपल्या लेकीला आत घेतलं, आणि साठ वर्षं मेंढरं राखलेल्या आपल्या सासऱ्यांनाही. त्यांना सगळे तात्या म्हणायचे. मैनाचे बाबा तेवढे बाहेर राहिले होते. दर रविवारी ते पडद्यावर भेटायचे.

तर दोनशे एक्क्याण्णवाव्या दिवशी सकाळी मैना पाणीघरात गेली. तिथला कारभार टिपूसकडे होता. टिपूस हा यंत्रमानव, मैनाच्या कमरेएवढा, एका चाकावर डुलत चालणारा. बोलायला फार सभ्य. इतका सभ्य, की कधी कधी त्याचा रागच यावा.

"आज किती कमी?" मैनाने विचारलं.

"आजवरचं मिळून एकवीस लिटर," टिपूस म्हणाला. "टाकीतलं, मातीतलं, पानांतलं, हवेतलं, सगळं मोजलं. दोनदा मोजलं. बारा दिवसांपूर्वी हिशेब चोख होता."

"तुझंच मोजमाप चुकत असेल."

"मी चुकत नाही. चुकलो तर आधी मीच सांगतो."

मैनाने खडू घेतला आणि पाणीघराच्या फरशीवर पाण्याच्या वाटा काढायला बसली. पहिली वाट झाडांची. झाडं मुळांनी पाणी पितात आणि पानांतून वाफ सोडतात (याला म्हणतात बाष्पोत्सर्जन, झाडाचा घाम म्हणा ना). ती वाफ छताजवळच्या गार नळ्यांवर जमते आणि थेंब होऊन टाकीत परत येते. दुसरी वाट माणसांच्या आणि मेंढरांच्या श्वासाची आणि घामाची. तीही हवेतूनच परत येते. आणि तिसरी वाट आपल्या शूची.

नाक मुरडू नका. वस्तीतली माणसं परवाची लघवी आज पाणी म्हणून पीत होती, आणि ते पाणी तुमच्या-आमच्या माठातल्या पाण्याइतकंच स्वच्छ होतं. टिपूस ते तीनदा गाळायचा, उकळायचा, त्याची वाफ करून पुन्हा पाणी करायचा. हे पहिल्या दिवशी कळलं तेव्हा तात्यांनी अर्धा दिवस पाण्याला तोंड लावलं नव्हतं. मग त्यांनीच तोड काढली, "ढगात तरी काय गुलाबपानी आसतंय व्हय!" आणि तांब्या तोंडाला लावला.

"पहिल्या वाटेनं येणारं पाणी बरोबर आहे," टिपूस म्हणाला. "दुसऱ्या वाटेचंही जवळजवळ बरोबर. तिसऱ्या वाटेनं आठ माणसांचं मिळून रोज बारा लिटर यायचं. गेले बारा दिवस पावणेअकरा येतंय. प्यायला मात्र माणसं पहिल्याइतकंच पाणी भरून नेतात."

"म्हणजे कुणीतरी पाणी नेतंय, पण शू कमी करतंय. कोण?"

"ते मला सांगता येणार नाही."

"तुला माहीत आहे?"

"ज्याची लघवी, त्याचीच बातमी. नियम क्रमांक एकोणीस." टिपूसचे डोळे, म्हणजे त्याच्या कपाळावरचे दोन निळे दिवे, मिटले आणि उघडले. "संडासाच्या दाराला आतून अक्षरं उमटणारा छोटा पडदा आहे. ज्याचं त्याला त्यावर दिसतं. बाकी कुणाला नाही. बेरीज मात्र मी सांगू शकतो. बेरीज कुणा एकाची नसते."

मैना त्याच्याकडे बघतच राहिली. हा यंत्रमानव नियमाच्या कुंपणावर बसून तिला काहीतरी सांगू पाहत होता की काय? पण टिपूस वळला आणि गाळणी धुवायला निघून गेला.

वस्तीच्या डॉक्टर होत्या नसरीन मुलाणी. त्या आईपेक्षा बऱ्याच लहान, म्हणून मैना त्यांना नसरीनताई म्हणायची आणि एकेरीच बोलायची. वस्तीत डॉक्टर झाली तरी तिला शेतकाम चुकत नसे. मैना गेली तेव्हा नसरीनताई वाफ्यात बसून मेथी खुडत होती.

"ताई, एखाद्याला शू कमी का होते?"

"तुला होतेय का?" नसरीनताईने आधी हेच विचारलं.

"मला नाही. असंच विचारतेय."

"असंच विचारणाऱ्यांनी मेथी खुडायला बसायचं." मैना बसली. "बघ, आपल्या पाठीत, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी दोन मूत्रपिंडं असतात (मुठीएवढ्या, राजम्याच्या दाण्याच्या आकाराच्या दोन गाळण्या). सगळं रक्त दिवसभर त्यांच्यातून फिरतं. अंगातला नको असलेला कचरा त्या वेगळा काढतात आणि पाण्यात विरघळवून खाली मूत्राशयात सोडतात (म्हणजे लघवी साठवायची पिशवी). आता कचरा रोज साधारण तेवढाच. पण तू पाणीच कमी प्यालीस तर?"

मैनाने विचार केला. "सरबतात साखर तेवढीच आणि पाणी कमी, तर ते गोडमिट्ट होईल. तशी शू दाट होईल."

"शाब्बास. आणि गडद. पाणी पुरेसं असलं की लघवी फिक्या लिंबू-सरबतासारखी दिसते. कमी पडलं की मोहरीच्या तेलासारखी पिवळीजर्द. म्हणून ती फ्लश करायच्या आधी एक नजर टाकावी. फुकटची तपासणी आहे."

"आणि लाल झाली तर? मला झाली होती!"

दोघी हसल्या. तिसऱ्या महिन्यात बिटाचं पहिलं पीक निघालं तेव्हाची गोष्ट. मैनाने हावरटासारखी चार बिटं खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी शू पाहून 'आता मी मरणार' म्हणून रडत सुटली. बिटाचा रंग कधी कधी तसाच बाहेर येतो. जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी लघवी अगदी हळदीसारखी पिवळी होते, तीही भीतीची गोष्ट नाही.

"पण बीट न खाता लाल झाली," नसरीनताईचा आवाज जरा गंभीर झाला, "किंवा काळ्या चहासारखी झाली, तर थांबायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. रोजच फेस येऊन तो टिकायला लागला तर गाळणीतून प्रथिनं गळत असतील. गढूळ लघवी, घाण वास आणि जळजळ असेल तर जंतूंचा संसर्ग असतो. कुणाला सारखी तहान लागते आणि सारखी भरपूर लघवी होते, त्याची साखर तपासावी लागते. जुन्या वैद्यांकडे काय यंत्रं होती? अशा लघवीला मुंग्या लागतात एवढं त्यांनी पाहिलं आणि मधुमेह नाव ठेवलं."

मेथीची जुडी बांधता बांधता ती म्हणाली, "मी तुझ्याएवढी असताना आमच्या शाळेतल्या संडासाला कडी नव्हती. आम्ही मुली सकाळपासून पाणीच प्यायचो नाही. संध्याकाळपर्यंत शू दाबून ठेवायचो. मला त्यातून असा संसर्ग झाला की पंधरा दिवस ताप. आईला सांगायची लाज वाटली म्हणून पंधरा दिवस, नाहीतर तीन दिवसांत बरी झाले असते. शूची लाज वाटण्यासारखं काही नाही गं. पण वाटते खरी."

मैनाला वाईट वाटलं. लहानपणीची नसरीनताई दप्तर घेऊन अवघडून घरी चालली आहे असं तिला दिसलं.

त्या दिवशी दुपारपर्यंत मैनाने गुप्तहेरगिरी केली. संडासासमोरच्या बाकावर भूगोलाचं पुस्तक उघडून बसली आणि कोण किती वेळा जातं त्याच्या रेघा मारत राहिली. जाणारी-येणारी माणसं तिच्या अभ्यासाचं कौतुक करत होती. मोठं माणूस दिवसातून साधारण सहा-सात वेळा लघवीला जातं, एखादी वेळ कमी-जास्त, हे तिला नसरीनताईने सांगितलंच होतं. तेव्हा जो सगळ्यांत कमी वेळा जाईल, तोच चोर.

आणि म्हणून तिने यादीतून सगळ्यांत आधी कुणाचं नाव खोडलं असेल, तर ते तात्यांचं. तात्या जेवणापर्यंत दहा वेळा गेले होते. प्रत्येक वेळी आत जाताना ते डोक्याचं मुंडासं काढून हातात घ्यायचे. हे नवीनच होतं. शिवाय आत वेळही फार लागायचा.

"दहा वेळा जाणाऱ्याची शू कमी कशी असेल?" संध्याकाळचा हिशेब बघायला ती पाणीघरात गेली तेव्हा तिने टिपूसला यादी दाखवली. "उरलेले सात जण तर नेहमीसारखेच जातात. मग चोर कोण?"

टिपूसने यादी पाहिली. "मी कुणाचंही नाव घेत नाही. पण एक गणित घालू का? काठोकाठ भरलेली कळशी आहे. तुम्ही तिच्यातून वाटीभरच पाणी काढलं. ती पुन्हा भरायला किती वेळ लागेल?"

"काहीच नाही. वाटीभर पडलं की भरली."

"मग पुन्हा वाटीभर काढाल. दिवसातून दहा वेळा काढलं, तरी एकूण पाणी किती?"

"दहा वाट्या." मैना थांबली. "आणि कळशी मात्र भरलेलीच."

दहा वेळा जाणं म्हणजे जास्त करणं नव्हे! एखाद्याची पिशवी रिकामीच होत नसेल, तर तो सारखा सारखा जाईल आणि दर वेळी थोडीशीच शू करून परत येईल. मैना मेंढरांच्या वाड्याकडे धावत सुटली.

वाड्याच्या मागे चारा ठेवायचा माळा होता. त्याच्या खाली तात्या मेढीला, म्हणजे माळ्याच्या खांबाला, धरून उकिडवे बसले होते. कपाळावर घाम, ओठ पांढरे. त्यांच्या मागे, कडब्याच्या पेंढ्यांआड, मेंढरांच्या औषधाचे धुतलेले पाच कॅन ओळीने मांडलेले. पाच-पाच लिटरचे. चार गळ्यापर्यंत भरलेले, पाचव्यात तळाशी लिटरभर पाणी.

"तात्या! हे पाणी..."

"हळू बोल. कुनी ऐकंल."

"काय होतंय तुम्हाला?"

तात्यांनी पोटाच्या खाली हात दाबून धरला होता. "सकाळधरनं दहादा गेलो. टिपका टिपकाच येतोय. दुपारपास्नं तर तोबी न्हाई." त्यांना बोलायलाही जड जात होतं. "गेलं बारा दिस आग व्हतीया. प्यालं की जावं लागतंय, आन् गेलं की जळतंय. म्हनून पीत न्हवतो. तांब्या भरून आनायचा, घोटभर घ्यायचा, ऱ्हायलेलं हितं वतायचं."

"मग वाफ्यात ओतायचं ना!"

"वतून द्यायचं? पानी?" एवढ्या दुखण्यातही तात्यांनी मान वर केली. "पोरी, उभा जलम टँकरची वाट बघितली म्या. माजा हात न्हाई धजला."

यातली गंमत, आणि दुःखही, असं की ते पाणी त्यांनी मातीत ओतलं असतं तर मुळांतून, पानांतून फिरून ते टाकीत परत आलं असतं. एक थेंब कमी भरला नसता आणि कुणाला काही कळलंही नसतं. तात्यांना पाणी वाया घालवता आलं नाही, म्हणून तात्या सापडले.

"मी नसरीनताईला बोलावते."

"न्हाई!" तात्यांनी तिचा हात घट्ट धरला. "त्या पोरीला म्या ह्ये कसं सांगू? आन् तुज्या आयला? सून हाय ती माजी. आजून चौऱ्याहत्तर दिस ऱ्हायल्यात. मला भाईर न्ह्यावं लागलं तर दार उगडंल. धा वर्सं ती पोर राबलीया. म्हाताऱ्याच्या मुतापायी समदं मातीत घालू? तुला माज्या गळ्याची आन हाय, मैने."

मैनाला रडू फुटलं. आईचा प्रयोग तिलाही हवा होता. पण तात्यांचा हात चटका बसावा इतका गरम लागत होता. आजवर तिने तात्यांची आण कधी मोडली नव्हती. तिने डोळे पुसले, आणि तिला समोर कुंपणापाशी रवंथ करत उभा असलेला भुऱ्या दिसला. भुऱ्या म्हणजे तात्यांचा लाडका मेंढा.

"तात्या, आपण आत यायच्या आधी भुऱ्याला काय झालं होतं हो?"

"आत्ता त्येचं काय?"

"सांगा ना."

"मुतखडा. बारीकसा खडा नळीत आडकला व्हता. नर मेंढराची नळी लई बारीक."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळतंय की. पाय ताणून हुबा ऱ्हायचा, जोर करायचा, शेपूट हलवायचा, आन् टिपूसबी न्हाई. चारा सोडला त्येनं. म्या तसाच उचलून खांद्यावर टाकला आन् सात कोसांवर जनावरांच्या डाक्टराकडं न्हेला. एक रात काडली आसती तर मुताचा फुगा फुटून मेला आसता."

"त्याची लाज वाटली तुम्हाला?"

"ल्याज कसली? मेंढरू मुकं. त्येला बोलता येत न्हाई, म्हनून आपुन त्येचं मूत बघायचं, ल्येंडी बघायची. ज्यो बघत न्हाई त्यो कसला मेंढपाळ?"

"पण तुम्ही तर मुके नाही ना, तात्या," मैना म्हणाली. "तुम्हाला बोलता येतं."

तात्यांनी मेढीवर डोकं टेकलं. मग त्यांनी तिचा हात सोडला.

"जा," ते म्हणाले. "बलाव त्या मुलान्याच्या पोरीला. तुज्या आयलाबी बलाव."

तात्यांना दवाखान्यात आणल्यावर पुढची दहा मिनिटं मैनाने पडद्याबाहेर उभं राहून काढली. आतून नसरीनताईचा शांत आवाज येत होता. "तात्या, मऊ नळी आहे, वेताच्या काडीपेक्षा बारीक. तुम्ही भुऱ्याला खांद्यावर नेलंत, मी तुम्हाला इथल्या इथे बरं करते. मोठा श्वास घ्या." आणि मग तात्यांचा इतका लांब सुस्कारा ऐकू आला, की बाहेर उभ्या असलेल्या आईचेही खांदे सैल झाले. "आगं आई गं," तात्या म्हणत होते, "सुटलो गं पोरी. सुटलो."

नळीला जोडलेल्या पिशवीत नऊशे मिलिलिटर लघवी जमली. मूत्राशयात चारशेच्या आसपास जमली की मोठ्या माणसालासुद्धा पळायची घाई होते, यावरून काय ते समजा. तिचा रंग काळ्या चहासारखा होता, आणि ती गढूळ होती.

नसरीनताईने बाहेर येऊन दोघींना नीट सांगितलं. पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते (अक्रोडाएवढी गाठ, तिच्या मधूनच लघवीची नळी जाते). वय वाढलं की बहुतेक पुरुषांची ही ग्रंथी मोठी होते आणि नळीला दाबते. मग धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, झाली तरी उरलीय असं वाटतं, रात्री चार-चारदा उठावं लागतं. पिशवीत साचून राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात. त्यात तात्यांनी पाणी तोडलं, म्हणजे जंतूंना धुऊन काढणारंही कुणी उरलं नाही.

"बरे होतील ना?" मैनाने विचारलं.

"औषध सुरू केलंय. पण ताप आहे. लघवी मागे दाटली की मूत्रपिंडांना त्रास होऊ शकतो. रक्त तपासायला लावलंय, तासाभरात कळेल. गाळण्या बिघडल्या असतील, तर शीतलताई, आपल्याला..." नसरीनताईने दाराकडे पाहिलं.

"दार उघडायचं," आई म्हणाली. ती उठून तडक दाराच्या लाल मुठीपाशी जाऊन उभी राहिली. "तू फक्त मान हलव. मी थांबणार नाही."

आतून तात्यांचा आवाज आला. "सूनबाई, तुजी धा वर्सं..."

"तात्या," आई तिथूनच मोठ्याने म्हणाली, "बारा दिवस तुम्ही माझ्या ताटाशेजारी बसून जेवलात आणि मला कळलं नाही. मी माती तपासत बसले. दुखणं लपवावं लागतं अशी वस्ती मला मंगळावर न्यायचीच नाहीये."

तो तास फार लांबला. मैना पाणीघरात गेली. टिपूस दिवे मंद करून उभा होता.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "बारा दिवस तू गप्प बसलास!"

"मी त्यांना रोज सांगत होतो. 'रंग गडद आहे, कृपया डॉक्टरांना भेटा.' पडद्यावर लिहीतही होतो. त्यांनी पडद्यावर मुंडासं टांगलं." टिपूसचं चाक किंचित मागे सरकलं. "नियम मोडायची मला परवानगी नाही. म्हणून तुम्हाला बेरीज सांगितली. कळशीचं गणित घातलं. याहून जास्त मला करता आलं नाही. करायला हवं होतं का?"

कुणाच्या संडासातली गोष्ट गावभर व्हावी असं मैनालाही वाटत नव्हतं. तिने टिपूसच्या गार डोक्यावर हात ठेवला आणि दोघं तसेच थांबले.

तासाने नसरीनताई कागद घेऊन आली. मूत्रपिंडांवर ताण आला होता, पण ती शाबूत होती. रात्री तात्यांचा ताप उतरायला लागला. आईने लाल मुठीवरचा हात काढला तेव्हा तळव्यावर मुठीच्या कडा उमटल्या होत्या. दार बंदच राहिलं.

"पहिल्याच दिवशी बोलला असतात ना," नसरीनताईने तात्यांना दम दिला, "तर लघवीची साधी तपासणी आणि थोड्या गोळ्या. नळीसुद्धा लागली नसती. आता आठवडाभर ही पिशवी सांभाळा. मग गोळ्या लागू पडतात का ते बघू. बाहेर गेल्यावर त्या ग्रंथीची नीट तपासणी करायची, त्यात कुचराई चालणार नाही. आणि आता पाणी मी सांगेन तेवढं आणि माझ्यासमोर प्यायचं."

"पितो की," तात्या म्हणाले. "एकवीस लिटर साठवून ठिवलंया."

दुसऱ्या दिवशी आठही जणांची बैठक झाली. नियम क्रमांक एकोणीस बदलायचा ठराव तात्यांनीच मांडला. ज्याची लघवी त्याचीच बातमी, हे तसंच राहिलं. पण जिवाला धोका वाटला तर टिपूसने त्या माणसाला आधी सांगावं, आणि तरीही ते माणूस हललं नाही तर फक्त डॉक्टरांना सांगावं, एवढी भर पडली. हा नियम पुढे मंगळावरच्या वस्तीलाही लागू होईल, असं आईने वहीत लिहून घेतलं. टिपूसचे दोन्ही दिवे त्या वेळी नेहमीपेक्षा जास्त उजळले होते, असं मैनाचं म्हणणं आहे.

रविवारी पडदा लागला. त्या दिवशी बाबांच्या मागे गावच्या पारावरची मंडळीही जमली होती. नऊ म्हातारे, मुंडाशी बांधून, काठ्या टेकून, तात्यांची ख्यालीखुशाली विचारायला आलेले. तात्या खाटेवर टेकून बसले होते. आईने त्यांच्या पायांवर चादर नीट ओढली, लघवीची पिशवी झाकली जाईल अशी.

तात्यांनी चादर बाजूला केली आणि पिशवी उचलून सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. आतली लघवी आता फिक्या सरबतासारखी निवळ झाली होती.

"ही बगा," ते म्हणाले. "लाजत बसलो आन् मरत व्हतो. ह्या पोरीनं वाचिवला. आता खरं सांगा, तुमच्यापैकी रातच्याला चार-चारदा कोन कोन उठतंय? धार कुनाची आडतीया?"

पडद्यावर कुणी मिशी नीट केली, कुणी काठीकडे बघू लागलं. एकाने खोकून घेतलं. बाबांना कुठे बघावं ते कळेना. मैनाला वाटलं, आता मंडळी उठून जाणार.

मग मागच्या ओळीतून एक हात हळूच वर आला. त्याच्या शेजारी दुसरा. थोड्या वेळाने तिसरा, चौथा. शेवटी पारावरचे सगळ्यांत थोरले, ब्याऐंशी वर्षांचे बिराप्पा, काठीवर जोर देत पुढे आले. एवढी वर्षं ते कुणाशी दोन वाक्यं धड बोलत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. ते पडद्याच्या अगदी जवळ आले, इतके की त्यांचं नाक आणि पांढऱ्या भुवयाच दिसत होत्या.

"डाक्टरीनबाई हायत्या का तितं?" त्यांनी विचारलं.

नसरीनताईने खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यासमोर बसली.

"हाय की, काका," ती म्हणाली. "बोला."